लिंग ओळखून दिलेली पिल्लं: माद्यांच्या खोक्यात कोंबडे का निघतात

पिल्लांच्या यादीत एकाच जातीपुढे बहुधा तीन ओळी असतात: न निवडलेली, माद्या आणि नर. तिन्हींचा दर वेगळा. माद्या सगळ्यात महाग, नर सगळ्यात स्वस्त. या फरकात पिल्लाची किंमत थोडी आणि सेवेची जास्त असते. कुणीतरी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन नर की मादी ते ठरवलेलं असतं. ते कसं ठरवलं, यावर खोक्यात काय येणार हे अवलंबून. गुदद्वार तपासून, पंखाच्या पिसांवरून, अंगावरच्या रंगावरून, डीएनए चाचणीनं आणि अंडं फुटण्याआधीच, अशा पाच पद्धती आज वापरात आहेत. पाचही चालतात, पण पाचही सगळ्यांसाठी नाहीत. निकाल आधीच सांगतो: हॅचरीला, म्हणजे पिल्लं उबवून विकणाऱ्याला, अचूकतेचे टक्के विचारायच्या आधी पिल्लांचे आईबाप कोणत्या जातीचे ते विचारा. त्या उत्तरावर निम्मा निर्णय होतो.

बिलावरचे शब्द

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण तक्रारींचा मोठा हिस्सा इथूनच निघतो. कॉकरेल म्हणजे वर्षाच्या आतला नर. कोंबड्यांच्या प्रदर्शनात ही रेघ पक्की असते. वर्ष उलटलं की तोच पक्षी कॉक, म्हणजे पुरता कोंबडा. अमेरिकेकडे त्यालाच रूस्टर म्हणतात. मादीच्या बाजूला वर्षाच्या आतली ती पुलेट, नंतर हेन. पुलेटला मराठीत तलंग हा नेमका शब्द आहे: वाढीला लागलेली पण अजून अंड्यावर न आलेली. तरुण नराला मात्र व्यवहारात कॉकरेलच म्हणतात, नाहीतर सरसकट कोंबडा. शिवाय तलंग हा शब्दही सैल वापरला जातो. काही जण आठ-दहा आठवड्यांच्या मिश्र गटालाही 'तलंगा' म्हणतात. म्हणून मागणी नोंदवताना नुसतं 'तलंगा' लिहू नका. 'मादी, अमुक आठवडे' असं लिहा.

हॅचरीच्या बिलावर कॉकरेल आणखी एका अर्थानं येतो: अंड्यांसाठी तयार केलेल्या जातीत जन्मलेलं एक दिवसाचं नर पिल्लू. व्याख्येनं ते चुकीचं नाही, पण घेणाऱ्याला वाटतं मांसाच्या जातीचा नर मिळतोय. तसं नसतं. मांसासाठी वाढवतात तो ब्रॉयलर, आणि ब्रॉयलर हा शब्द लिंग सांगतच नाही. त्या खोक्यात नर-मादी दोन्ही असतात. कॅपन म्हणजे खच्ची केलेला नर. कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्याला लागून असतात, त्यामुळे बरगड्यांमधून शस्त्रक्रिया करावी लागते. त्यात वृषणाचा तुकडा आत राहिला तर पक्षी धड कॅपन होत नाही, धड कोंबडाही राहत नाही. तुरा पुन्हा लाल व्हायला लागतो. काही देशांत ही शस्त्रक्रिया बेकायदा आहे. आणि बँटम म्हणजे लहान चणीची जात. बँटम कोंबडा दोन वर्षांचा असला तरी आकारावरून कॉकरेल वाटतो, यात विकणाराही फसतो.

'न निवडलेली' या ओळीत नर-मादी साधारण निम्मे निम्मे असतात. साधारणच. सहा पिल्लं घेतली तर त्यातली पाच किंवा सहा नर निघण्याची शक्यता जवळजवळ ११ टक्के आहे. म्हणजे नवातल्या एका गिऱ्हाइकावर ती वेळ यायचीच, आणि तो म्हणणार हॅचरीनं नर गळ्यात मारले. सहा पिल्लांवरून असा आरोप करता येत नाही.

गुदद्वार तपासून: सगळ्या जातींना लागू, माणसावर अवलंबून

व्हेंट सेक्सिंग म्हणतात ती हीच. जपानमध्ये ती शास्त्रशुद्ध रीतीनं मांडली गेली आणि कियोशी मासुई व जुरो हाशिमोतो यांनी १९२७ मध्ये ओटावाच्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगासमोर ठेवली. त्याआधी अंड्यांच्या जातीतले नर कळायला कित्येक आठवडे लागत, आणि तोवर त्यांना खाऊ घालावंच लागे. जपानी तज्ज्ञांना मग देशोदेशी बोलावणी येऊ लागली.

काम असं चालतं. पिल्लू उबून १२ ते २४ तासांच्या आतलं हवं. डाव्या हातात त्याला पालथं धरायचं, डोकं खाली, मान बोटांच्या मधे. अंगठ्यानं पोटावर हलका दाब देऊन आतली विष्ठा आधी डब्यात काढून टाकायची. हे केलं नाही तर पुढचं काहीच दिसत नाही. मग दोन अंगठे आणि एका तर्जनीनं गुदद्वाराच्या कडा बाहेरच्या बाजूला उलगडायच्या. प्रखर दिव्याखाली आतल्या कडेवर मधोमध पाहायचं. नराला तिथं टाचणीच्या डोक्याएवढा गोल, चकचकीत, घट्ट उंचवटा असतो. मादीला तो नसतो, किंवा असला तर चपटा आणि निस्तेज असतो.

सोपं वाटतं, आणि बऱ्याच पिल्लांत ते तसं असतंही. खरी परीक्षा उरलेल्यांत. काही माद्यांना ठसठशीत उंचवटा असतो आणि काही नरांचा दबलेला असतो. तेव्हा आकार सोडून पोत पाहावा लागतो. बोटानं हलकं चोळलं की नराचा उंचवटा ताठ राहतो, त्यात रक्त उतरून तो किंचित लालसर होतो. मादीचा पसरतो, विरून जातो. हा निर्णय एखाद-दोन सेकंदांत घ्यायचा असतो, कारण कसलेला माणूस तासाला ८०० ते १,२०० पिल्लं बघतो. अशा माणसाची अचूकता ९८ टक्क्यांपर्यंत जाते. तिथवर पोचायला काही महिन्यांचा रोजचा सराव लागतो, आणि सराव तुटला की हात बिघडतो.

चूक कुठे होते? पहिलं कारण वेळ. दीड दिवस उलटला की उंचवट्यातला फरक पुसट होत जातो आणि कडाही सहज उलगडत नाहीत. हॅचरीत पिल्लं एका झटक्यात बाहेर येत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यात २४ तासांहून जास्त अंतर पडू शकतं. सगळी एकदमच तपासायला घेतली तर आधी आलेली पिल्लं वेळेबाहेर गेलेली असतात. दुसरं कारण दाब. नवख्या हातानं पोट जास्त दाबलं की आतली बलकाची पिशवी फुटते. असं पिल्लू त्या क्षणी धडधाकट दिसतं आणि दोन-तीन दिवसांत मरतं. माद्यांच्या खोक्यात पहिल्या चार दिवसांची मर शेजारच्या न निवडलेल्या खोक्यापेक्षा ठळक जास्त असेल, तर दोन-चार मेलेली पिल्लं उघडून बघा. पोटात पिवळं पाणी पसरलेलं दिसलं तर ब्रूडरच्या, म्हणजे पिल्लं ऊबेत ठेवायच्या जागेच्या, तापमानाआधी तपासणाऱ्या हाताची चौकशी करा.

हे घरी करून बघावं का? नाही. चित्रफिती बघून पन्नास पिल्लांवर हात साफ करणं म्हणजे नाणेफेकीला शस्त्रक्रियेचं नाव देणं.

आता हमी. छोट्या गिऱ्हाइकांना देताना हॅचऱ्या बहुधा ९० टक्क्यांची हमी देतात. माणूस नव्वद ऐकतो आणि मनात शंभर धरतो. वीस माद्या मागवल्या तर ९० टक्क्यांच्या हिशेबानं दोन नर येणं हा अपेक्षित निकाल आहे, तक्रारीचा नाही. वीसच्या वीस माद्या निघण्याची शक्यता जेमतेम १२ टक्के. चार किंवा जास्त नर निघण्याची शक्यताही १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अगदीच विरळा नाही. अचूकता ९८ टक्के असली तरी वीसच्या खोक्यात निदान एक नर निघण्याची शक्यता तीनात एक इतकी उरते. ज्यांच्या वस्तीत आरवण्यावर बंदी आहे, त्यांनी हे गणित करूनच पैसे भरावेत.

हमीच्या मजकुरात दोन गोष्टी बघा. हमी फक्त माद्यांच्या खोक्याला आहे की नरांच्याही? पुष्कळदा ती माद्यांपुरतीच असते. नरांच्या खोक्यात शंकेची पिल्लं टाकून माद्यांचं खोकं स्वच्छ ठेवणं सोपं असतं, त्यामुळे तिथं थोड्या माद्या निघतात. कुणी कुरकुरत नाही. दुसरं म्हणजे भरपाई कशाची: चुकलेल्या पिल्लाची पूर्ण किंमत, की नर आणि मादी यांच्या दरातला फरक? अन् दावा किती दिवसांत करायचा? मुदत चौदा दिवसांची असेल तर हमी कागदावरच आहे, कारण जड जातीत चौदा दिवसांत काहीच कळत नाही.

शुद्ध जातीची पिल्लं हवी असतील आणि ती जात रंगावरून ओळखता येत नसेल, तर ही सेवा घ्यावी. मोजक्या पक्ष्यांपुरती डीएनए चाचणी सोडली तर तिथं दुसरा पर्यायच नाही. संकरित पिल्लांसाठी हिच्या वाटेला जायची गरज नाही.

पंखावरून: झटपट, पण संकर तसा बांधलेला असेल तरच

फेदर सेक्सिंगबद्दल जितका गैरसमज आहे तितका कशाबद्दलच नसेल. पिल्लाचा पंख पंख्यासारखा उघडला की कडेला पिसांच्या कोंबांच्या दोन ओळी दिसतात. खालची लांब पिसांची, वरची ती झाकणाऱ्या आखूड पिसांची. मादीत खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा उघड लांब, त्यामुळे एक लांब एक आखूड असं दिसतं. नरात दोन्ही ओळी सारख्या, कधी वरचीच थोडी पुढे.

इथवर सगळे सांगतात. पुढचं अर्धं गाळलं जातं. हा फरक नर-मादीपणामुळे पडत नाही. पिसं हळू फुटवणारा एक जनुक झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो आणि तो प्रभावी असतो, म्हणजे एकच प्रत आली तरी परिणाम दाखवतो. पक्ष्यांत नर झेड-झेड आणि मादी झेड-डब्ल्यू, म्हणजे मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतो. बाप भरभर पिसं फुटणारा आणि आई हळू पिसं फुटणारी घेतली, तर मुली बापावर जाऊन भरभर पिसं काढतात आणि मुलगे आईचा जनुक घेऊन मागे राहतात. जोडी उलटी लावली तर सगळीच पिल्लं हळू. दोन्ही पालक एकाच प्रकारचे असतील तर सगळी पिल्लं सारखी. परसातल्या मिश्र कळपात पंख उघडून बघणाऱ्याला कधी लांब कधी आखूड पिसं दिसतात, तो त्यांना मादी-नर म्हणतो आणि निम्म्या वेळा बरोबर येतो.

योग्य संकरात मात्र ही सेवा फार छान आहे. नवा कामगार थोड्या दिवसांत शिकतो, पोट दाबायचं नसल्यानं पिल्लाला इजा नाही, वेग व्हेंट सेक्सिंगपेक्षा जास्त. पिल्लू पूर्ण वाळलेलं हवं आणि पहिल्या २४ तासांत, फार तर ४८ तासांत बघायला हवं. तिसऱ्या दिवशी नरांची पिसंही पुढे सरकतात आणि फरक मिटतो. ओल्या पिल्लांत दोन ओळी चिकटून एक दिसतात. घाईत केलेल्या चुका बहुतेक याच.

हळू पिसं फुटण्याच्या जनुकाला लागून काही वंशांत एक अंगभूत विषाणू-जनुक येतो, आणि त्यामुळे लिम्फॉइड ल्युकोसिस या गाठींच्या रोगाविरुद्धची प्रतिकारशक्ती कमी पडते, हेही माहीत असावं. मोठ्या प्रजननसंस्था आपल्या कळपांत त्यावर लक्ष ठेवतात. घरच्या घरी असा संकर बांधायला निघालेल्यांनी त्याचा विचार करावा.

रंगावरून: साध्या पाळणाऱ्यासाठी हीच

या पाचांत सरळ शिफारस करण्याजोगी सेवा ही. खरं तर सेवा म्हणण्यासारखं इथं काही उरतच नाही. पिल्लू बाहेर आलं की रंगच सांगतो.

दोन जुळण्या सर्रास वापरल्या जातात. पहिली सोनेरी-चंदेरी. ऱ्होड आयलंड रेडसारखा सोनेरी नर आणि लाइट ससेक्ससारखी चंदेरी मादी. पिल्लांत मुली तांबूस-पिवळट, मुलगे फिकट, जवळजवळ पांढुरके. तपकिरी अंड्यांच्या व्यापारी लेअर (अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबड्या), म्हणजे ईसा ब्राउन, लोहमन ब्राउन, हाय-लाइन ब्राउन या याच तत्त्वावर ओळखल्या जातात. दुसरी जुळणी पट्ट्यांची. पट्टे नसलेला नर, समजा न्यू हॅम्पशायर, आणि पट्टेवाली बार्ड प्लिमथ रॉक मादी. पिल्लं सगळी काळी, पण मुलग्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका असतो आणि मुलींच्या नसतो. मोठेपणी मुलगे पट्टेदार होतात, मुली काळ्या राहतात.

यात गोची दोन ठिकाणी होते. जोडी उलटी लावली, चंदेरी नर आणि सोनेरी मादी, तर सगळी पिल्लं चंदेरी. ओळखायला काही राहत नाही. आणि ही ओळख एकाच पिढीपुरती असते. संकरित मुलगा आणि संकरित मुलगी यांची पुढची पिल्लं घेतली तर सोनेरी-चंदेरी दोन्ही रंग दोन्ही लिंगांत विखुरतात. बाजारात 'रंगावरून ओळखता येणारी' म्हणून दुसऱ्या पिढीची पिल्लं विकणारेही भेटतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: बाप कोणत्या जातीचा, आई कोणत्या? दोन वेगवेगळ्या शुद्ध जातींची नावं आली नाहीत, किंवा व्यापारी वाणाचं नाव आलं नाही, तर ते खोकं न निवडलेलं समजा आणि त्याच दरानं मागा.

पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी रंगओळख हवी असेल तर ऑटोसेक्सिंग जाती बघाव्यात. केंब्रिजमध्ये रेजिनाल्ड पनेट आणि मायकेल पीझ यांनी १९३० च्या आसपास त्या तयार केल्या. अनुवंशशास्त्रातले चौकोन ज्यांच्या नावानं शाळेत काढायला लावतात ते हेच पनेट. तत्त्व साधं आहे. पट्ट्यांचा जनुक झेडवर असतो, नराकडे दोन झेड, म्हणून शुद्ध जातीत नराला पट्ट्याची दुहेरी मात्रा आणि मादीला एकेरी. तपकिरी पार्श्वभूमीवर हा फरक पहिल्याच दिवशी उठून दिसतो. क्रीम लेगबारमध्ये मादी पिल्लाच्या पाठीवर खारीसारखे गडद, कडा स्पष्ट असलेले पट्टे असतात. नर फिकट, पट्टे धुवट, डोक्यावर पांढरा डाग. बार्ड प्लिमथ रॉकमध्ये हाच प्रकार काळ्या रंगावर घडतो. नराच्या डोक्यावरचा डाग मोठा आणि पसरट, मादीचा लहान आणि कडा नीट असलेला. पण इथं फरक दोन डागांच्या आकाराचा आहे, असण्या-नसण्याचा नाही, त्यामुळे अचूकता खूप घसरते. 'बार्ड रॉक, शंभर टक्के माद्या' ही जाहिरात दिसली की पान उलटा.

डीएनए: मोजक्या पक्ष्यांसाठी

चार-पाच पिल्लं, दुर्मीळ जात, आणि कोणती ठेवायची ते आजच ठरवायचं आहे, अशा वेळी प्रयोगशाळेची चाचणी योग्य. झेड आणि डब्ल्यू दोन्हींवर सीएचडी-१ नावाचा जनुक असतो, पण दोन ठिकाणी त्याची लांबी थोडी वेगळी. यंत्रात एक पट्टी दिसली तर नर, दोन दिसल्या तर मादी. वयाची अट नाही, जातीची नाही. उबल्यानंतर कवचाला आतून चिकटलेल्या पडद्यावरूनही चाचणी होते.

प्रयोगशाळेच्या चुका थोड्या, पाठवणाऱ्याच्या फार. पिसं उपटलेली हवीत, कापलेली किंवा गळलेली नकोत, कारण डीएनए देठाच्या ओल्या टोकात असतो. छातीवरची तीन-चार पिसं पुरतात. देठाला बोट लावायचं नाही. प्रत्येक पिल्लानंतर हात धुवायचे. पिसं कागदी पाकिटात ठेवायची. प्लॅस्टिकमध्ये ओल धरून नमुना कुजतो. आणि पाकिटावर जो आकडा, तोच पिल्लाच्या पायातल्या कडीवर. निकाल यायला काही दिवस लागतात आणि तेवढ्यात पिल्लाचा पाय जाड होतो, कडी रुतते. कुणीतरी ती काढून ठेवतो आणि मग निकालाचा कागद हातात असूनही कोणतं पिल्लू कोणतं ते सांगता येत नाही. दर चार दिवसांनी कडी सैल करा, नाहीतर आळीपाळीनं खाण्याच्या रंगाचे ठिपके लावत राहा.

अंड्यातच

२१ दिवसांच्या उबवणीत मध्येच लिंग ओळखायचं आणि नर अंडी बाजूला काढायची, ही सर्वात नवी पद्धत. नवव्या दिवशी लेसरनं कवचाला बारीक छिद्र पाडून आतल्या द्रवाचा थेंब घेतात आणि त्यात मादीचं संप्रेरक शोधतात, किंवा तेराव्या दिवसाच्या सुमारास कवचातून प्रकाश सोडून पिसांचा रंग वाचतात. दुसरी रीत तपकिरी लेअरनाच चालते, कारण तिथं नर-मादीच्या पिसांचा रंग वेगळा असतो. अंड्यांच्या जातीतली नर पिल्लं उबल्याबरोबर मारून टाकण्यावर जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून बंदी घातली आणि त्यानंतर या यंत्रांना जोर आला. फ्रान्सही त्याच वाटेनं गेला. यंत्रं मोठ्या हॅचरीच्या आवाक्यातली आहेत. किरकोळ गिऱ्हाइकाला ही सेवा सुटी मिळत नाही.

अंड्याच्या आकारावरून, टोकदार ते नर आणि गोल ते मादी, अशी ओळख विकणारे किंवा दोऱ्याला अंगठी बांधून अंड्यावर फिरवणारे अजून आहेत. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडवाहिनीवर ठरतो. एक कोंबडी जन्मभर साधारण एकाच आकाराची अंडी घालते आणि त्यातून नर-मादी दोन्ही निघतात. उबवणी यंत्राचं तापमान बदलून जास्त माद्या मिळवण्याचा सल्लाही टाकाऊ. लिंग अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं, तापमान चुकवलं की फक्त मर वाढते.

खोकं घरी आल्यावर पडताळणी

हमीचा दावा करायचा तर कधी आणि कशाकडे बघायचं ते ठाऊक हवं. एकेरी तुऱ्याच्या हलक्या जातीत, लेगहॉर्नसारख्या, तीन ते पाच आठवड्यांत नराचा तुरा उंच आणि गुलाबी होतो. मादीचा पिवळट आणि बुटका राहतो. ब्रह्मा, कोचीन यांसारख्या जड जातींत यासाठी दुप्पट वेळ धरा. वाटाणा तुरा असेल तर तीन समांतर ओळींतली मधली ओळ लवकर रुंद आणि लाल होते का ते बघा. सिल्की जातीत पाच-सहा महिने थांबण्यावाचून इलाज नाही.

पाय जाड, छाती पुढे, स्वभाव दांडगट, या खुणा साक्षीला ठीक, निकालाला नाहीत. पायामागच्या काट्याचा कोंब दोन्ही लिंगांना असतो. आरवणं सहा-सात आठवड्यांपासून पाच महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होतं, आणि कळपात नर नसेल तर क्वचित एखादी कोंबडीही आरवते. खात्रीची खूण म्हणजे बाराव्या आठवड्याच्या आसपास कमरेवर, शेपटीच्या बुडापाशी येणारी पिसं. नराची अरुंद, लांब, टोकदार आणि चकाकणारी. मादीची रुंद आणि टोकाला गोल. एक पीस उपटून गडद कागदावर ठेवलं की वाद मिटतो. अपवाद सेब्राइटसारख्या जातींचा, जिथं नरालाही मादीसारखीच गोल पिसं असतात.

तुमच्या हॅचरीची दाव्याची मुदत यापेक्षा आधी संपत असेल तर खरेदीआधीच लेखी वाढवून घ्या.

आणि ज्यांना कॉकरेलच हवेत

नरांच्या स्वस्त खोक्याकडे बघताना ते कशाचे नर आहेत एवढं लक्षात ठेवा. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या पुढे जातो; लेअर जातीचा नर त्या वयाला अर्ध्या किलोच्या आसपास असतो आणि त्यानंतरही महिनोन्‌महिने खातो. पिल्लू स्वस्त, खाद्य महाग, असा हा सौदा. वाढीच्या खाद्यावरच ठेवा. लेअर खाद्यात अंड्याच्या कवचासाठी ४ टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम असतं. अंडं न घालणाऱ्या पक्ष्याला साधारण १ टक्का पुरतं, आणि जास्तीचं मूत्रपिंडांवर येतं. माद्यांच्या खोक्यात चुकून आलेले नर सोळा-अठरा आठवड्यांना कळपाबरोबर लेअर खाद्यावर जातात, ते याच कारणानं आधी वेगळे काढावेत. तेही शक्य नसेल तर सगळ्या कळपाला वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावर आलेल्या माद्या आपापल्या गरजेनं खातात.

पैदाशीसाठी नर हवा असेल तर स्वस्त खोकं घेऊ नका. शुद्ध जातीचे, गरजेपेक्षा दोन-तीन जास्त घ्या आणि निवड उशिरा करा. वाकडी बोटं, कातरीसारखी चोच, छातीचं वाकडं हाड असलेले पहिल्यांदा बाद. चार-सहा महिन्यांत नर माजावर येतो, पण फलनाचा भरवसा साधारण २४ आठवड्यांनंतर धरावा. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो. पहिली अंडी सातव्या दिवशी दिव्यावर धरून फलन तपासा. जुना नर काढून नवा सोडला तर लगेचची अंडी उबवायला घेऊ नका. आधीच्या नराचे शुक्राणू कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकतात, आणि तोवर निघालेल्या पिल्लांचा बाप कोण ते सांगता येत नाही.